कागदाबरहुकूम

दातांच्या डॉक्टरांनी नवंकोरं स्टूल फर्निचरच्या कारखान्याच्या दारात ठेवलं आणि त्यावरचा हात काढून घेतला. स्टूल क्षणभर विचारात पडलं आणि मग डाव्या कुशीवर आडवं झालं.

"हे असं," डॉक्टर म्हणाले. "आजपर्यंत तीनदा. दोनदा मी त्याच्यावर बसलेलो असताना. त्यातही एकदा माझा चिमटा पेशंटच्या तोंडात होता."

"अगंबाई! मग?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मग काय, दात निघाला. शेजारचा."

मालकीणबाईंनी स्टूल उलटं करून पाहिलं. त्याला तीन पाय होते. तीन पायांचं स्टूल उभं राहत नाही असं नाही, पण त्यासाठी पाय तीन दिशांना पसरावे लागतात. इथे चौकोनी फळीच्या तीन कोपऱ्यांना तीन पाय होते आणि चौथा कोपरा मोकळा होता.

"मिस्त्रीकाका!"

मिस्त्री कानावरची पेन्सिल सारखी करत बाहेर आले. पडलेल्या स्टुलाकडे त्यांनी अभिमानाने पाहिलं.

"काका, याचा चौथा पाय कुठाय?"

"कागदावर नाही, ताई."

त्यांनी खिशातून कागदाची घडी काढली. कागदावर कोपऱ्यातून पाहिलेलं एक स्टूल होतं, आणि त्याला खरोखर तीनच पाय होते.

"अहो काका, चौथा मागे असणार ना! पुढच्या पायाआड गेलाय तो."

"असेलही," मिस्त्री म्हणाले. "पण आड गेलेलं मी करत नाही. कागदावर आहे ते करतो."

इथे मिस्त्रींची बाजू सांगायला हवी. या कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं झाली होती. त्यांनी केलेल्या जोडात वस्तऱ्याचं पातं शिरत नसे. मात्र डोकं ते कामावर आणत नसत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक पलंग केला होता, आणि तो इतका भक्कम झाला की कारखान्याच्या दारातून बाहेर निघेना. तो अजून मागच्या खोलीत आहे आणि मिस्त्री दुपारी त्यावर वामकुक्षी घेतात. पलंग अडकला त्या दिवशी मालकीणबाईंच्या वडिलांनी त्यांना समोर उभं करून बजावलं, "मिस्त्री, यापुढे डोकं कागदाचं, हात तुमचे." वडील पुढे वारले, पण मिस्त्रींनी शब्द पाळला. कागदावर जे असेल ते लाकडात, आणि त्यात इंचाचा आठवा भाग, म्हणजे एक सूतसुद्धा, इकडचं तिकडे व्हायचं नाही.

तीस वर्षं हे कागद ड्रॉइंगवाले काका काढत होते, म्हणून सगळं सुरळीत होतं. दोन महिन्यांपूर्वी ते लेकाकडे राहायला गेले आणि त्यांच्या खिडकीखालच्या उंच बैठकीवर मालकीणबाईंचे यजमान जाऊन बसले. मिस्त्री त्यांना लग्नापासून जावईबापू म्हणत, म्हणून अख्खा कारखाना त्यांना जावईबापूच म्हणे.

जावईबापूंची टंकलेखन शिकवायची संस्था होती. टंकलेखन शिकायला कोणी येईनासं झालं तेव्हा ती बंद पडली, आणि मग दोन वर्षं ते घरी होते. या दोन वर्षांत त्यांनी कुंड्यांना इतकं पाणी घातलं की झाडं कुजली, आणि स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, त्यामुळे कोणाला काही सापडेना. अशा माणसाला एके दिवशी कलती फळी, टोकदार पेन्सिल आणि उंच बैठक मिळाली. पहिल्याच सकाळी मिस्त्रींनी येऊन विचारलं, "जावईबापू, पाय गोल की चौकोनी?" दोन वर्षांत त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. ही हकिगत त्यांनी जेवताना बायकोला दोनदा सांगितली. काहीही झालं तरी त्या बैठकीवरून उतरायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

डॉक्टर चौथ्या पायाचं वचन घेऊन गेल्यावर मालकीणबाई खिडकीखाली आल्या.

"अहो, तुम्हाला चित्र काढता येतं का?"

"स्टूल तर काढलं की."

"ते पाहिलं मी. हे बघा, पाणी समितीच्या टेबलाची ऑर्डर आलीय. सोळा फूट लांब. चौदा सभासद बसणार त्याला. अध्यक्षबाई स्वतः येऊन सांगून गेल्या. महिना आहे तुमच्याकडे. तेवढ्यात शिकलात तर ठीक, नाहीतर मी ड्रॉइंगवाल्या काकांना परत बोलावणार आणि तुम्ही पॉलिशला बसायचं."

पॉलिशची खोली मागे होती. तिला खिडकी नव्हती आणि तिथे कोणी कोणाला काही विचारत नसे.

जावईबापू तडक वाचनालयात गेले. चित्रकला शिकवणारी तिथे दोनच पुस्तकं होती. एक बालवाडीसाठी होतं. दुसरं विटेएवढं जाड होतं आणि थोर चित्रकार कसकसे शिकले, कोणाची काय रीत होती, याचं त्यात सविस्तर वर्णन होतं. महिना अपुरा होता, म्हणून जावईबापूंनी थोरांचंच घेतलं.

पहिल्या थोर चित्रकाराचं म्हणणं असं की, वस्तूला सावलीशिवाय अस्तित्व नाही. त्याने म्हणे आठ महिने एका भांड्याची सावली काढली आणि भांडं नवव्या महिन्यात. जावईबापूंना हे मनापासून पटलं. त्याच आठवड्यात निवृत्त मुख्याध्यापकांच्या टीपॉयचं काम आलं. त्यांनी टीपॉय काढला आणि त्याच्या डाव्या बाजूला जमिनीवर पसरलेली गर्द, लांबलचक सावली काढली. सावली टीपॉयपेक्षा सरस उतरली होती.

चार दिवसांनी मुख्याध्यापक कारखान्यात आले. त्यांच्या नडगीला पट्टी बांधलेली होती.

"टीपॉय उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त त्याची सावली लाकडी आहे."

मिस्त्री पुढे झाले. "सागवानी आहे, सर. काळं पॉलिश तीन हात दिलंय. पायांना खुंटीने जोडलीय, हलायची नाही."

"तेच तर! मी दोनदा अडखळलो. बरं, तेही सोडा. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. माझी खिडकी डावीकडे आहे आणि तुमची सावलीही डावीकडे. उजेडाच्या दिशेने सावली पडते का कधी?"

"मग टीपॉय फिरवून ठेवा की," जावईबापूंनी सुचवलं.

"फिरवला, तर सावली कोचाखाली जाते आणि टीपॉय खोलीच्या मधोमध येतो. शेवटी मी कोच हलवला, कोचासाठी कपाट हलवलं, आणि आता कपाट खिडकीपुढे आलंय. खोलीत उजेडच येत नाही."

"मग आता सावलीची दिशा चुकीची म्हणता येणार नाही," मिस्त्री म्हणाले.

मुख्याध्यापकांनी यावर बराच विचार केला. हे शास्त्राला धरून आहे असं त्यांना कबूल करावं लागलं, आणि ते लंगडत परत गेले.

दुसऱ्या थोर चित्रकाराची रीत निराळी होती. तो एक रेघ कधीच मारत नसे. बारीक बारीक सात-आठ रेघा मारायच्या, त्यात खरी रेघ कुठेतरी असतेच, आणि पाहणाऱ्याने ती हुडकायची, असं त्याचं तत्त्व होतं. जावईबापूंनी या पद्धतीने शिवणक्लासच्या बाईंची खुर्ची काढली. मिस्त्रींनी रेघा मोजल्या आणि बत्तीस पायांची खुर्ची केली. एकेक पाय बोटाएवढा होता. बाईंची त्या खुर्चीबद्दल तक्रार नव्हती, पण त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुली शिवण सोडून खुर्चीखालचे पाय मोजत बसू लागल्या, आणि दोघींचा आकडा कधी जुळेना.

"अहो, तुम्ही नक्की काय शिकताय?" मालकीणबाईंनी विचारलं. "थोर चित्रकार वेडे होते का?"

"अगं, त्यांच्याकडे मिस्त्री नव्हते," जावईबापू म्हणाले. त्यांनी आजवर काढलेलं हे सगळ्यात खरं वाक्य होतं, पण ते बोलताना त्यांना कळलं नाही.

महिन्याचे शेवटचे दोन आठवडे उरले. पुस्तकातला शेवटचा थोर चित्रकार सगळ्यांत थोर होता. तो सांगत होता, तुम्हाला जे माहीत आहे ते काढू नका. डोळ्यांना जे दिसतं तेच काढा. हात लांब करा, मुठीत पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा आणि जग मोजा. जावईबापू आठवडाभर एक डोळा मिटून हिंडले. पोस्टमन फाटकापाशी असताना अर्धी पेन्सिल असतो आणि दारात येईपर्यंत चार पेन्सिली होतो, हे पाहून ते थक्क झाले. पोस्टमनही थक्क झाला आणि पुढचे दोन दिवस पत्रं फाटकातूनच टाकून गेला.

मग जावईबापू पाणी समितीच्या सभागृहात गेले. जुनं टेबल अजून तिथे होतं. दारात उभं राहून त्यांनी डोळा मिटला, पेन्सिल धरली आणि दुपारभर काढत राहिले. टेबलाची जवळची बाजू रुंद, लांबची अरुंद. जवळचे पाय उंच, लांबचे ठेंगणे. खाली कोपऱ्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "लांबी सोळा फूट."

चित्र सुरेख झालं होतं. खोटं कशाला बोला, त्या कागदात हात घालून टेबलावर टिचकी मारावी असं वाटत होतं. मालकीणबाईंनी ते दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"हे चांगलं काढलंय हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. जावईबापूंनी टोक असलेल्याच पेन्सिलीला परत टोक काढलं. मालकीणबाई खुशीत लाकूडखरेदीला निघून गेल्या, त्या पाच दिवसांसाठी.

मिस्त्रींनी चित्र घेतलं आणि त्यावर पट्टी ठेवली. लांबी लिहिलेलीच होती. बाकीची मापं त्यांनी कागदावरून काढली, अर्ध्या इंचाला एक फूट धरून. जवळची बाजू सहा फूट, लांबची अडीच. जवळचे पाय साडेतीन फूट, लांबचे दोन. आकडे लिहिताना त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं. त्यांनी घोटभर चहा पिऊन ते दाबलं आणि करवत हातात घेतली.

मालकीणबाई रविवारी संध्याकाळी परतल्या. सोमवारी अकराला समितीची सभा होती. टेबल पॉलिश होऊन कारखान्याच्या मधोमध चमकत होतं. त्या रुंद बाजूला उभ्या राहिल्या आणि त्यांनी हळूच खांबाला धरलं.

"काका, मला चक्कर येतेय का?"

"नाही ताई. टेबलच तसं आहे."

"अगं, तिथे नको, इथे ये," जावईबापू उत्साहाने म्हणाले. "आता एक डोळा मीट. बघ! हुबेहूब चित्र!"

"चौदा माणसं एक डोळा मिटून बसणार आहेत का हो?"

जावईबापूंनी दुसरा डोळा उघडला. समोरचं टेबल उतरतं होतं. एवढा वेळ त्यांना ते दिसलं नव्हतं, कारण पाच दिवस ते डोळा मिटूनच पाहत होते.

"जुनं टेबल परत ठेवता येईल," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"ते त्यांनी परवाच तोडून टाकलं, येताना कळलं मला. आता काय होईल ते होईल. उद्या टेबल घेऊन तुम्ही जा. मी येणार नाही, मला लाज वाटते. आणि येताना," मालकीणबाईंचा आवाज अचानक थकला, "पॉलिशचा एप्रन घेऊन ठेवा मापाचा."

सोमवारी सकाळी टेबल सभागृहात लागलं. जावईबापू आणि मिस्त्री पाय टेकले की नाही ते बघायच्या निमित्ताने दाराशी थांबले. खरं म्हणजे पळून जायचं होतं, पण टेम्पोवाला चहाला गेला होता.

सभासद येऊ लागले. समितीचे उपाध्यक्ष हे धिप्पाड गृहस्थ होते आणि त्यांचा आवाज त्यांच्याहून धिप्पाड होता. गेल्या सहा वर्षांत अध्यक्षबाईंना त्यांनी एकही वाक्य पूर्ण करू दिलं नव्हतं. खालच्या वस्तीला नळ द्यायचा ठराव त्यामुळे सहा वर्षं अर्ध्यावर होता. उपाध्यक्षांनी टेबलाच्या दोन्ही टोकांवर नजर टाकली.

"ही मोठी बाजू माझी," त्यांनी जाहीर केलं आणि खुर्ची ओढून बसले. टेबलाची कड त्यांच्या हनुवटीला लागली.

अध्यक्षबाई शेवटी आल्या. चणीने त्या अगदी लहान होत्या आणि बोलायच्याही हळू. उरलेल्या अरुंद टोकाला, दोन फूट उंचीच्या टेबलामागे, त्या जाऊन बसल्या. बसल्या मात्र, आणि सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढंसं टेबल आणि त्यावर कमरेपासून वर पूर्ण दिसणाऱ्या बाई. त्या पहिल्यांदाच भरभक्कम वाटत होत्या. पलीकडच्या टोकाला उपाध्यक्षांचं फक्त डोकं होतं, आणि तेही टेबलावर कोणीतरी विसरून गेल्यासारखं.

"माझ्या हरकतींची यादी मी सादर करतो," ते डोकं गरजलं, आणि उपाध्यक्षांनी जाड फाइल टेबलावर ठेवली.

मिस्त्रींचं पॉलिश नामांकित होतं. फाइल निघाली. सुरुवातीला ती बिचकत गेली, मग तिला वेग आला आणि सोळा फूट पार करून ती अध्यक्षबाईंच्या पुढ्यात जाऊन थांबली. तिच्या पाठोपाठ उपाध्यक्षांचं पेन गेलं, चष्म्याचं घर गेलं, आणि शेवटी त्यांचा चहा, बशीसकट, एक थेंबही न सांडता.

"आभारी आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइलवर कोपर टेकलं.

"अहो, ती माझी—" उपाध्यक्ष उठून उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांचा आवाज नेहमीसारखा दणदणीत येई. पण हरकती वाचायला फाइल नव्हती आणि चष्माही नव्हता, म्हणून ते खुर्चीत पार घसरून परत बसले. बसल्यावर टेबलाच्या फळीखालून नुसतं पुटपुटणं ऐकू येऊ लागलं.

"उपाध्यक्ष, जरा वर येऊन बोला," एक सभासद म्हणाले.

तोवर बाकीच्यांचेही कागद, सूचना, दुरुस्त्या, पोटदुरुस्त्या एकेक करून घरंगळत अध्यक्षबाईंकडे पोचल्या होत्या. कोणाच्याच हातात काही उरलं नाही. अध्यक्षबाईंनी सहा वर्षांत प्रथमच एक वाक्य पूर्ण केलं. ते त्यांना इतकं आवडलं की त्यांनी लगेच दुसरं केलं. अकराव्या मिनिटाला नळाचा ठराव मंजूर झाला. त्यांनी उपाध्यक्षांचा चहा संपवला आणि सभा बरखास्त केली.

बाहेर पडताना त्या दाराशी थांबल्या.

"हे टेबल कोणी काढलं?"

जावईबापू मिस्त्रींच्या मागे सरकले. मिस्त्रींनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी बाजूला होऊन बोट दाखवलं.

"उद्या सकाळी येते मी कारखान्यात," अध्यक्षबाई त्यांच्या नेहमीच्या सपाट, हळू आवाजात म्हणाल्या. "मालकीणबाईंना थांबायला सांगा."

 सभेत जे घडलं ते जावईबापूंनी पाहिलं होतं, पण त्यातलं त्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की, त्यांचं टेबल उतरतं होतं आणि त्यावरून एका मोठ्या माणसाची फाइल घसरून गेली. त्यांनी पुस्तक वाचनालयात परत केलं. मग कारखान्यात येऊन खिडकीखाली बसले आणि पेन्सिलींची टोकं मोजू लागले.

मिस्त्रींना ते बघवेना. ते जवळ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि खाजगी आवाजात म्हणाले, "जावईबापू, एकतीस वर्षांत मी डोक्याने बोललो नाही. आज बोलू का?"

"बोला."

"तुम्हाला काय दिसतं ते मला नकोच हो. मला करायचंय काय, ते काढा. वरून बघा, तेवढं एक. समोरून बघा, ते दुसरं. बाजूने बघा, ते तिसरं. आणि शेजारी आकडा घाला. बस."

"एवढंच?"

"एवढंच."

जावईबापूंनी कोरा कागद घेतला. काटकोन्या लावला. टंकलेखन शिकवणाऱ्या माणसाला सरळ ओळ आणि सारखं अंतर वेगळं शिकवावं लागत नाही. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कागदावर चार माणसांचं एक साधं टेबल आलं, वरून, समोरून आणि बाजूने. चार पाय, चारही सारखे. मिस्त्रींनी कागदावर पट्टी फिरवली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"एक सूत चूक नाही," ते म्हणाले.

म्हणजे जावईबापूंना चित्र काढता येऊ लागलं होतं. फक्त मुदत एका दिवसाने टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई आल्या त्या एकट्या आल्या नाहीत. त्यांच्याबरोबर शाळा समितीच्या अध्यक्षबाई आणि व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते. दोघंही चणीने बेताचे. मालकीणबाई पदर खोचून क्षमा मागायच्या तयारीत उभ्या होत्या.

"बाई, ते टेबल म्हणजे आमच्या घरातली चूक..."

"चूक?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "अहो, सहा वर्षं मी त्या सभागृहात नुसती बसत होते. काल मी बोलले! या दोघांनाही अगदी तसंच हवंय. आणि ज्यांनी ते काढलं, त्यांनीच काढलेलं हवं."

मालकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर जावईबापूंनी जन्मभर जपून ठेवली असती, पण तेवढा वेळ मिळाला नाही. त्या घाईने म्हणाल्या, "अहो, बघता काय? काढा ना!"

जावईबापूंनी कागद ओढला आणि टेबल काढलं. ते चौकोनी आलं.

"हे नाही," शाळा समितीच्या बाई म्हणाल्या.

त्यांनी दुसरं काढलं. तेही काटकोनात आलं. त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग दोन्ही मिटून काढलं, तरी चारही पाय सारखेच उतरले. मिस्त्री पट्टी लावत आणि खिन्नपणे मान हलवत. "बरोबर आलं," ते दरवेळी सांगत, "परत बरोबर आलं."

"डाव्या हाताने बघा बरं," व्यापारी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. टंकलेखनाच्या मास्तरांचे दोन्ही हात सारखेच चालतात. डाव्या हातानेही बरोबर आलं.

जावईबापूंच्या कपाळावर घाम आला. "मला आता तसं येत नाही हो," ते कसेबसे म्हणाले. "कालच गेलं ते."

"असं कसं जाईल? साधं तिरकं तर काढायचंय!" मालकीणबाईंचा धीर सुटला. आयुष्यात ज्यांनी कधी पेन्सिल धरली नव्हती, त्यांनी नवऱ्याच्या हातातून ती ओढून घेतली आणि तरातरा एक टेबल काढून दाखवलं. एक टोक फुगलं होतं, दुसरं आक्रसलं होतं, आणि चार पायांना चार उंच्या होत्या.

सगळे कागदावर ओणवे झाले.

"ताई!" मिस्त्री हरखून म्हणाले. "आलं की!"

"हेच ते," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे दोन ऑर्डरी पक्क्या झाल्या.

"तात्पुरतं हं," मालकीणबाई खिडकीखालच्या बैठकीवर चढता चढता म्हणाल्या. पण महिन्याभरात सात समित्या, दोन मंडळं आणि एक मोठं कुटुंब यांच्या ऑर्डरी आल्या. कुटुंबातल्या धाकट्या सुनेने हळूच येऊन आपली जागा कुठली ते आधी विचारून घेतलं होतं. त्यामुळे मालकीणबाई काही उतरल्या नाहीत. त्यांच्या रेघेत एक धाडस आहे असं लोक म्हणू लागले.

जावईबापूंना कोणी पॉलिशला बसवलं नाही. त्यांना कोणी कुठेच बसवलं नाही, कारण सगळे कामात होते. आठ दिवस ते इकडून तिकडे फिरले. मग एके दुपारी मिस्त्रींनी त्यांचा तो पहिला बरोबर कागद खिशातून काढून समोर धरला.

"याचं काय करायचं?"

"फेकून द्या. कोणाला हवंय ते?"

"कागद आहे म्हटल्यावर लाकूड होणारच," मिस्त्री म्हणाले. "रंधा धरा."

दोघांनी ते टेबल दुपारच्या सुट्टीत केलं. त्याला सोळा दिवस लागले. फळी जावईबापूंनी स्वतः रंधली, आणि दोनदा बोट कापून घेतलं. एका संध्याकाळी टेबल टेम्पोत घालून त्यांनी घरी नेलं आणि स्वयंपाकघरात लावलं.

मालकीणबाई दमून आल्या. दिवसभर तिरकं काढून त्यांची मान एका बाजूला वळली होती. त्यांनी टेबलाकडे एकदा पाहिलं. ताटं मांडली, आमटीची वाटी ठेवली आणि कारखान्यातल्या सवयीने एक हात तिच्यापाशी धरून ठेवला. वाटी कुठेही गेली नाही. त्यांनी हात काढून घेतला. वाटी तिथेच होती.

"हे तुम्ही काढलंत?"

"हो."

"विकायला ठेवलं तर कोणी घेणार नाही."

"माहीत आहे."

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. दोघांच्यामध्ये तीन फुटांचं सपाट लाकूड होतं. मालकीणबाईंनी कडेवरून हात फिरवला, कोपरा दाबून पाहिला, मग मान सरळ केली आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"इथून तुम्ही आहात तेवढेच दिसता," त्या म्हणाल्या.

जावईबापूंचा घास हातात राहिला. "वाईट दिसतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली. "एवढे पुरेत."